निळ्या शिरेवर बोट ठेवून

बसा. पाठीला टेकू असला तरी चालेल. डावा हात मांडीवर उताणा ठेवा आणि उजव्या हाताची तीन बोटं अंगठ्याच्या मुळाशी, वैद्य नाडी बघतात त्या जागी, हलकेच टेकवा. ठोका सापडायला थोडा वेळ लागेल. सापडला की दहा-बारा ठोके नुसते अनुभवा, मोजू नका.

आता बोटं तिथून उचला. मनगटावर जी निळसर रेष दिसते तिच्यावर एकच बोट ठेवा, न दाबता. इथे ठोका लागत नाही. ही शीर आहे. हृदयाकडे परत निघालेलं रक्त हिच्यातून जातं आणि ते उसळत नाही, नुसतं सरकत राहतं. कोकणातल्या वहाळाला जसा वर धबाबा पडणारा भाग असतो आणि खाली संथ कोंड असतो, तशी धमनी आणि शीर. बोट त्या कोंडावर राहू द्या.

आपल्याकडे श्रवणानंतर मनन सांगितलं आहे. जे कानावर पडलं ते मनात पुन्हा पुन्हा फिरवायचं, गाय रवंथ करते तसं, घाई न करता. आज जे फिरवायचं आहे त्याची किळस येण्याचा संभव आहे. आली तर येऊ द्या. बोट शिरेवर आहे ना, एवढं पाहा आणि पुढे चला.

पोटात, आतड्यांभोवती, अशाच शिरांचं दाट जाळं आहे. जेवणातून जे काही शोषलं जातं ते या शिरा गोळा करतात आणि यकृताकडे नेतात. या जाळ्यात, आज जगातल्या कोट्यवधी माणसांच्या पोटात, एक कृमी राहतो. त्याचं नाव शिस्टोसोमा. ग्रीक शब्दांची फोड केली तर ‘चिरलेलं अंग’. १८५१ साली कैरोच्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात थिओडोर बिलहार्झ नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरला शवविच्छेदन करताना तो शिरेत सापडला, म्हणून त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाला बिलहार्झिया म्हणतात. कृमी मात्र त्याच्या नावापेक्षा खूप जुना आहे. १९१० साली मार्क आर्मंड रफर यांनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या दोन इजिप्ती ममींच्या मूत्रपिंडांत त्याची कॅल्शियम साचून दगड झालेली अंडी दाखवली. नाईलचं पाणी ज्या हातांनी शेतात वळवलं, त्या हातांच्या शिरांचा आणि या कृमीचा परिचय तेव्हापासूनचा.

नर साधारण एक सेंटीमीटर लांब असतो, शिजलेल्या बासमतीच्या शिताएवढा. अंग चपटं, पण दोन्ही कडा पोटाकडे वळलेल्या, त्यामुळे लांबीभर एक खाच तयार होते. केळीचं नवं पान उलगडण्याआधी सुरळीत असतं, ती सुरळी डोळ्यांपुढे आणा. मादी नराहून लांब आणि दोऱ्यासारखी बारीक. ती या सुरळीत राहते. महिने नव्हे, वर्षं. सरासरी तीन ते दहा वर्षं हे कृमी जगतात, आणि बाधित प्रदेश सोडून गेलेल्या माणसांत तीस वर्षांनंतरही ते जिवंत मिळालेले आहेत. मादीला स्नायूंचं बळ कमी. रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध, यकृताकडून आतड्यांच्या बारीक शिरांकडे चढून जायचं असतं तेव्हा नर तिला वाहून नेतो. दोघंही रक्तच खातात. मादी जास्त खाते, म्हणून पचलेल्या रक्ताच्या रंगाने तिचं अंग काळपट दिसतं.

मी हे जोडपं पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात, रंग देऊन कायमच्या बसवलेल्या काचपट्टीवर. वहीत आकृती काढायची होती आणि तास संपत आला होता. नराची बाह्यरेषा काढून झाली, मादी काढायला गेले तर ती कुठे सुरू होते आणि नर कुठे संपतो तेच कळेना. मी पेन्सिल खाली ठेवली. आकृती अपुरी राहिली, आणि ती अपुरी आकृती आजवर माझ्या मनात आहे.

इथे मन लगेच लग्न, संसार, जन्माची गाठ हे शब्द काढून बसेल. त्यांना ओरडू नका, थोडं बाजूला बसवा. प्रयोगशाळेत या माद्या एका नराकडून दुसऱ्या नराकडे गेलेल्या दिसल्या आहेत. आपले शब्द त्यांच्यावर घातले की आपल्याला फक्त आपणच दिसतो, आणि समोर जे चाललं आहे ते त्याहून विलक्षण आहे.

सावकाश श्वास घ्या. आता या दोघांना वेगळं करा.

गुरंमेंढरं पाळणाऱ्यांना यकृतात होणारा पर्णकृमी माहीत असतो. त्याच्या एकाच अंगात नराचेही अवयव असतात आणि मादीचेही. पर्णकृमींच्या जवळजवळ सगळ्या गोतावळ्याची हीच रीत. शिस्टोसोमा त्यांच्यातलाच, पण त्याच्यात नर वेगळा, मादी वेगळी. आणि ही फारकत फार लवकर होते. अंडं फलित होतं तेव्हाच लिंग ठरतं. ते अंडं माणसाच्या विष्ठेतून किंवा लघवीतून गोड्या पाण्यात पडलं की फुटतं आणि केसाळ, इवलासा जीव बाहेर येतो. त्याला काही तासांत ठरावीक जातीची गोगलगाय गाठावी लागते. गोगलगायीच्या अंगात तो स्वतःच्या प्रती काढत जातो, आणि काही आठवड्यांनी तिच्यातून दुभंगलेल्या शेपटीची पिल्लं पाण्यात सुटू लागतात, एकाची हजारो. ही सगळी एकाच लिंगाची. एका अंड्यातून नर निघाला तर हजारो नर, मादी निघाली तर हजारो माद्या. त्या पिल्लांना तोंडाने काही खाता येत नाही. दीड-दोन दिवसांच्या आयुष्यात माणसाची त्वचा मिळाली तर ठीक, नाहीतर संपलं. मिळाली की शेपूट बाहेर टाकून काही मिनिटांत ती आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून यकृतात.

म्हणजे ज्या जोडप्याकडे आपण आता पाहिलं, ती दोघं कधीच एकत्र नव्हती. दोन वेगळी अंडी, बहुधा दोन वेगळ्या गोगलगायी, कदाचित पाण्यात पाय टाकल्याचे दोन वेगळे दिवस. आणि मग एकाच माणसाचं यकृत.

समजा नर आलाच नाही. मादी एकटी आली. तिच्याबरोबर थोडा वेळ थांबूया.

१९२८ साली ऑरा सेव्हरिंगहाउस यांनी शिस्टोसोमाच्या आशियातल्या जातीवर काम करताना एक निरीक्षण मांडलं: फक्त माद्यांचीच लागण झालेल्या प्राण्यांत त्या माद्या खुरटलेल्या राहतात. जगतात, रक्त पितात, पण वाढत नाहीत. अंडाशय पोरवयातच अडकलेलं. अंड्यासाठी पीतक आणि कवचाची सामग्री बनवणाऱ्या पेशी, ज्यांनी पूर्ण वाढलेल्या मादीचं मागचं बहुतेक अंग भरून जातं, त्या जवळजवळ नसतातच. अशा मादीला नर भेटला की ती वाढू लागते. पूर्ण वाढलेल्या मादीला नरापासून वेगळं केलं की अंडी थांबतात आणि त्या पेशी ओसरू लागतात, तलावाचं पाणी उन्हाळ्यात मागे हटावं तशा. पुन्हा नर मिळाला की पुन्हा भरतात. शरीराची परिपक्वता ही आपण एकदा चढून मागे टाकलेली पायरी समजतो. इथे ती रोज नव्याने भरावी लागणारी घागर आहे.

मग नर तिला नेमकं देतो तरी काय?

पहिला तर्क वीर्याचा. तो टिकला नाही. नराचे वृषण पुढच्या टोकाशी असतात, आणि ते नसलेला नराचा तुकडासुद्धा मादीला वाढवतो हे दिसून आलं. १९८४ साली पोपिएल आणि बाश यांनी जोड्यांचे तुकडे करून ते काचेच्या बश्यांत पुन्हा एकमेकांना जुळवले. मादीच्या अंगाचा जेवढा भाग नराला लागून होता, वाढ तेवढ्याच भागात झाली. जिथे स्पर्श नव्हता तिथला भाग खुरटाच राहिला. संदेश तिच्या अंगभर पसरत नव्हता. लांबीच्या प्रत्येक टप्प्यावर तो नव्याने, तिथल्या तिथे द्यावा लागत होता.

हे वाक्य मनात दोन वेळा फिरवा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढची ओळ वाचायला मला बराच वेळ लागला होता. एका ठिकाणी हात धरला आणि सगळं अंग जागं झालं, असं इथे घडत नाही. म्हणूनच बहुधा ती सुरळी, ती संपूर्ण मिठी.

त्यानंतर जवळजवळ चार दशकं हा ‘काय’ अनुत्तरित होता. २०२२ मध्ये अमेरिकेत डॅलसला, टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात, रुई चेन, जेम्स कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर ‘सेल’ या नियतकालिकात छापलं. त्यांनी एकटे नर घेतले आणि जोडीतले नर घेतले, आणि मादी मिळाल्यावर नराच्या अंगात कोणती जनुकं जागी होतात ते पाहिलं. त्यांतलं एक जनुक एका विकराचं होतं. विकर म्हणजे एन्झाइम: पेशीतला कारागीर, जो एक रेणू उचलतो, दुसऱ्याला जोडतो किंवा तोडतो, आणि पुढच्या कामाला मोकळा होतो. हे विकर ज्या घराण्यातलं आहे त्यातली विकरं रायबोसोमची मदत न घेता अमिनो आम्लं जोडतात. पेनिसिलिनची पहिली जुळणी बुरशीत अशाच विकराकडून होते. फळमाशीतला त्याचा एक नातलग तर नावानेच ओळखला जातो, एबनी. तो बिघडला की माशीचं अंग काळंभोर होतं, म्हणून हे नाव.

कृमीतलं हे विकर नराच्या चेतापेशींमध्ये तयार होतं. आणि त्या चेतापेशी पोटाच्या बाजूला, खाचेच्या लांबीभर पसरलेल्या असतात, बरोबर तिथे जिथे मादीचं अंग टेकतं. संशोधकांनी नरातलं हे एकच जनुक गप्प केलं. मादी त्याच्या कुशीतच होती, पण तिची वाढ झाली नाही.

आता जरा जास्त वेळ इथे बसू. या लेखातली माझी सर्वांत आवडती जागा हीच आहे.

विकर करतं ते एवढंच: दोन लहान रेणू जोडतं. एक बीटा-अलानिन, हे आपल्या स्नायूंतही असतं. दुसरा ट्रिप्टामिन, तो ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की बनतो. या घराण्यातली विकरं आधी ऊर्जा खर्चून पहिल्या रेणूला चेतवतात, मग त्याला स्वतःच्याच अंगाला असलेल्या एका लवचीक दांड्याच्या टोकावर चढवतात. दांडा तो रेणू धरून असतो. दुसरा रेणू आला की पहिला त्याच्या हाती जातो आणि दोघं मिळून सुटतात. जोडून होतो तो रेणू, बीटा-अलानिल-ट्रिप्टामिन, इतका लहान आहे की त्यातले अणू मोजता येतात: कार्बन १३, हायड्रोजन १७, नायट्रोजन ३, ऑक्सिजन १. एकूण ३४. संशोधकांनी हाच रेणू प्रयोगशाळेत बनवून बशीतल्या एकट्या, कधीच नर न भेटलेल्या माद्यांच्या पाण्यात घातला. माद्या वाढल्या आणि अंडी घालू लागल्या. ती अंडी अर्थातच फलित नव्हती.

चौतीस अणू. सेव्हरिंगहाउस यांच्या निरीक्षणापासून तिथवर पोचायला ९४ वर्षं लागली.

आणखी दोन गोष्टी या जागेत आहेत, त्या सोडून पुढे जाववत नाही. पहिली अशी की एकट्या नरात हे जनुक निजलेलं असतं. मादी खाचेत आली की मग ते जागं होतं, विकर तयार होतं, रेणू सुटतो, आणि मादी वाढते. सुरुवात कोणाकडून झाली? आधी तिने काही सांगितलं, मग त्याने उत्तर दिलं. ज्याला आपण नराची हाक म्हणत होतो ती मुळात ओ देणं होतं. मी हे लिहितानाही थांबले, कारण वर एका ठिकाणी ‘नर तिला नेमकं देतो तरी काय’ असं विचारून गेले आहे. प्रश्न तसाच राहू देते. शास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं तो तसाच विचारला होता.

दुसरी गोष्ट ट्रिप्टोफॅनची. कोणत्याही प्राण्याला ते स्वतः बनवता येत नाही, अन्नातूनच मिळवावं लागतं. आपल्याला दूध, डाळी, शेंगदाणे यांतून मिळतं. कृमीला आपल्याकडून. तो आपलं रक्त पितो, हिमोग्लोबिन पचवतो, आणि त्यातून सुटलेलं ट्रिप्टोफॅन वापरतो. म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर एखाद्या पोराने दुपारी खाल्लेल्या घासातलं एक अमिनो आम्ल त्याच्या रक्तात येतं, तिथून कृमीच्या आतड्यात, तिथून नराच्या चेतापेशीत, आणि तिथे त्याचा तो शब्द बनतो जो ऐकून मादी मोठी होते. शब्दाची माती त्या पोराची आहे.

बोट अजून शिरेवर असेल तर तिथे थोडा भार जाणवेल. स्वाभाविक आहे.

हाक आली तरी ती पेशीच्या आत पोचवायला दुसरे कारागीर लागतात. त्यांना कायनेज म्हणतात. एका प्रथिनावर फॉस्फेटचा ठिपका चिकटवायचा, त्या प्रथिनाने पुढच्यावर चिकटवायचा, असं करत निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत जातो. पंगतीत वाढणारे हातोहात पातेलं पुढे देतात तसं. जर्मनीत गीसेनला क्रिस्टोफ ग्रेवेल्डिंग यांचा गट अनेक वर्षं शिस्टोसोमाच्या अंडाशयातल्या आणि वृषणातल्या कायनेजांचा माग काढतो आहे. त्यांतलं एक अडवलं की बीजपेशींची घडण विस्कटते, हे त्यांनी दाखवलं. २०१० मध्ये त्यांनी रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब हे औषध बशीतल्या जोड्यांवर घालून पाहिलं. तेही एक कायनेजच अडवतं. जोड्या सुटल्या, कृमी मेले. पण तेच औषध प्राण्यांच्या शरीरात गेलं तेव्हा रक्तातल्या प्रथिनांनी त्याला धरून ठेवलं आणि कृमी वाचले. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं. ज्या रक्तावर कृमी जगतो त्याच रक्ताने त्याला आडोसा दिला.

आता ज्यासाठी हे सगळं बघायचं त्याकडे वळू. श्वास थोडा लांब सोडा.

पूर्ण वाढलेली मादी रोज सुमारे ३०० अंडी घालते. ही शिस्टोसोमा मॅन्सोनाय या जातीची गोष्ट, जी आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये आढळते. आशियातली जात याच्या कितीतरी पट घालते. अंड्याला शिरेतून आतड्याच्या पोकळीत पोचायचं असतं, पण त्याला पाय नाहीत, ढकलणारं कोणी नाही. त्याला बाहेर काढतं ते माणसाचंच शरीर. अंड्यातून झिरपणाऱ्या द्रव्यांमुळे प्रतिकारपेशी भोवती जमतात, सूज येते, आणि त्या सुजेच्या लाटेवर अंडं ऊतीतून पलीकडे सरकतं. ज्या प्राण्यांची प्रतिकारशक्ती दबलेली असते त्यांच्या विष्ठेत अंडी कमी सापडतात. शरीर अंड्याला हाकलतं आणि त्या हाकलण्यामुळेच अंडं पाण्यात पोचतं.

सुमारे निम्मी अंडी मात्र पोचत नाहीत. रक्ताबरोबर वाहत यकृतात जातात आणि तिथे अडकतात. प्रत्येक अंड्याभोवती शरीर पेशींची एक गाठ बांधतं, मग तिच्याभोवती तंतू. वर्षानुवर्षं. यकृत घट्ट होत जातं, प्लीहा वाढते, पोटात पाणी होतं, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. मूत्रमार्गाकडच्या शिरांत राहणारी जात अंडी मूत्राशयाच्या भिंतीत टाकते, आणि लघवी लाल होते. काही भागांत मुलग्यांच्या लघवीतलं रक्त हे वयात आल्याचं लक्षण समजलं गेलं, इतकं ते घरोघरी होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या रोगापासून वाचण्यासाठी औषधाची गरज असलेल्यांची संख्या २५ कोटींहून अधिक सांगितली. त्यांतले बहुतेक आफ्रिकेतले.

मोठा झालेला कृमी फारसं दुखवत नाही. दुखवतं ते अंडं. आणि अंडं येतं मादी मोठी झाली तर, मादी मोठी होते नराच्या त्या ३४ अणूंनी, आणि ते अणू जोडतं एक विकर. आज हातात असलेलं एकमेव औषध प्राझिक्वान्टेल, एक मात्रा, वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. ते मोठ्या कृमींना मारतं, पण नुकत्याच शिरलेल्या कोवळ्या कृमींवर त्याचा जोर चालत नाही. मूल पुन्हा त्याच पाण्यात उतरतं, पुन्हा तेच. म्हणून खाचेतल्या त्या संवादाकडे इतक्या लोकांचं लक्ष लागलं आहे. मला या लोकांविषयी मनापासून आदर वाटतो. ज्या जिवाला मारायचं आहे त्याचं बोलणं इतकं कान देऊन ऐकायला धीर लागतो.

तुम्ही महाराष्ट्रात बसून हे वाचत असाल तर हे सगळं फार दूरचं वाटलं असेल. तसं पूर्णपणे नाही. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या दोन संशोधकांनी तेव्हाच्या मुंबई राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावात मूत्रमार्गाच्या बिलहार्झियाचं ठाणं असल्याचं प्रसिद्ध केलं. भारतात माणसांतल्या या रोगाचं एवढंच एक ठाणं नोंदलं गेलं आहे. पुढे त्यांनी तिथल्या पाण्यातल्या फेरिशिया टेन्युइस या गोगलगायीतून कृमीचं जीवनचक्रही जुळवून दाखवलं. ही गोगलगाय काही मिलिमीटरची, पीळ नसलेली, उपड्या टोपीसारख्या शंखाची. पाण्यातल्या पानाला चिकटलेली असली तर पानावरचा ठिपका वाटावा. कोकणातला वहाळ, काठाचा चिखल, आंघोळीला उतरलेली पोरं, आणि पाण्याखाली तो ठिपका. चित्र डोळ्यांपुढे येऊ द्या, आणि मग जाऊ द्या. ती पोरं आता कुणाचे तरी आजोबा असतील.

शेवटी एका वेगळ्या ठिकाणी जाऊ. नेदरलँड्समधलं लायडन. तिथल्या विद्यापीठ वैद्यकीय केंद्रात १७ निरोगी माणसं स्वतःहून पुढे आली. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांना शिस्टोसोमाची मुद्दाम लागण केली गेली, म्हणजे पुढे लशी आणि औषधं पारखायला वाट होईल. कुणाला १० पिल्लं, कुणाला २०, कुणाला ३०. सगळी पिल्लं नराची. एकाच लिंगाची इतकी पिल्लं मिळवणं सोपं होतं, कारण, आठवा, एका अंड्यातून गोगलगायीत घडणारी सगळी एकसारखी. मादी नाही म्हणजे अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत म्हणजे यकृतात गाठी नाहीत.

बोट शिरेवर हलकं करा, जवळजवळ उचलल्यासारखं, आणि त्या माणसांच्या पोटातल्या शिरा मनात आणा. कुणाला ताप आला, कुणाला काहीच जाणवलं नाही. ती माणसं घरी गेली, जेवली, सायकलवर बसून कामाला गेली असतील. आत नर वाढत होते. रक्त पीत होते. कडा पोटाकडे वळल्या, सुरळी तयार झाली. खाचेच्या लांबीभर त्या चेतापेशीही होत्या, आणि प्रत्येकीत ते जनुक, निजलेलं. रक्त संथ सरकत होतं. बीटा-अलानिन होतं, ट्रिप्टोफॅन होतं, त्या माणसांच्याच ताटातलं. खाच रिकामी होती, आणि विकर जागं होत नव्हतं.

बाराव्या आठवड्यात त्यांना प्राझिक्वान्टेल दिलं.

बोट उचला.